गाणे कोणाचे? : लताबाईंच्या ‘श्रद्धांजली’च्या निमित्ताने

(द्वितीय वर्ष कला, मराठी)

आपल्याकडे एखादे गाणे लागले की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, “हे कोणाचे?” आणि उत्तर मिळते, “रफीचे,” “मुकेशचे,” “लताचे.” ते कोणी लिहिले हे फारसे कोणी विचारत नाही. चाल कोणाची, हे जाणकारच विचारतात. गाणे हे गाणाऱ्याच्या मालकीचे, अशी आपली पक्की समजूत होऊन बसली आहे. मग एका मोठ्या गायिकेने दुसऱ्या मोठ्या गायकांची गाजलेली गाणी आपल्या आवाजात पुन्हा म्हटली, तर ती कोणाची म्हणायची? तिला नक्कल म्हणावे, की आदरांजली, की आणखी काही? प्रस्तुत लेखात लता मंगेशकर यांच्या ‘श्रद्धांजली’ या गीतसंचाच्या आधाराने या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. संगीताचे शास्त्र मी शिकलेली नाही. जे मांडते आहे ते ऐकणारीच्या नात्याने, असे वाचकांनी समजावे.

संचाचे स्वरूप

लताबाईंचा जन्म 28 सप्टेंबर 1929 चा, इंदूरचा. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, म्हणजे वयाची साठी ओलांडल्यावर, त्यांनी हा संच दोन भागांत ध्वनिमुद्रित केला. ज्या ग्रामोफोन कंपनीने त्यांची असंख्य गाणी घरोघर पोहोचवली, त्याच एच.एम.व्ही.ने तो काढला. कल्पना साधी आहे. आपल्या आधी गेलेल्या आणि आपल्याबरोबर गायलेल्या गायक-गायिकांची निवडक गाणी घ्यायची, प्रत्येकाविषयी दोन शब्द बोलायचे आणि मग गायचे. कुंदनलाल सैगल, पंकज मलिक, मुकेश, महंमद रफी, किशोरकुमार, हेमंतकुमार यांच्याबरोबर काननदेवी, जोहराबाई, अमीरबाई, पारुल घोष आणि गीता दत्त यांची नावे त्यात आहेत.

या यादीकडे नीट पाहिले तर तिच्यात तीन निरनिराळी नाती दिसतात. पहिले नाते गुरुस्थानी असलेल्यांचे. सैगल हे लताबाईंचे लहानपणापासूनचे दैवत. घरी मास्टर दीनानाथांना सिनेमाच्या गाण्यांचे कौतुक नव्हते, पण सैगलच्या गाण्याला मुभा होती, असे त्यांनी सांगितलेले आहे. 18 जानेवारी 1947 रोजी सैगल वारले. लताबाईंनी स्वतःच्या कमाईतून नवा रेडिओ घेतला आणि पहिली बातमी ऐकली ती सैगलच्या मृत्यूची, म्हणून त्यांनी तो रेडिओ परत करून टाकला, असा किस्सा सांगितला जातो. सैगलना भेटण्याची त्यांची इच्छा राहूनच गेली.

दुसरे नाते सोबत्यांचे. रफी, मुकेश, किशोरकुमार, हेमंतकुमार यांच्याबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे द्वंद्वगीते गायली. मुकेश 27 ऑगस्ट 1976 रोजी अमेरिकेत डेट्रॉइट येथे वारले, तेव्हा ते लताबाईंबरोबरच कार्यक्रमांच्या दौऱ्यावर होते. रफी 1980 मध्ये गेले, किशोरकुमार 1987 मध्ये, हेमंतकुमार 1989 मध्ये. द्वंद्वगीतातला दुसरा आवाज एकामागून एक गळत गेला, आणि मग उरलेल्या आवाजाने त्यांची गाणी स्वतः म्हणायला घेतली, असा या संचाचा एक अर्थ लावता येतो.

तिसरे नाते मला सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. अमीरबाई, जोहराबाई यांचे आवाज रुंद, भरदार, मैफलीच्या वळणाचे होते. 1949 मध्ये ‘महल’ आला आणि लताबाईंच्या बारीक, टोकदार आवाजाची लाट अशी आली की हे जुने आवाज काही वर्षांतच मागे पडले. ज्यांची जागा आपल्या येण्याने गेली त्यांची गाणी पुढे आपणच आदराने म्हणणे, याला काय म्हणावे? लताबाईंनी त्याला श्रद्धांजली म्हटले. मला त्यात थोडी परतफेडही ऐकू येते.

इतर देशांतील रीत

अशा तऱ्हेचे संच पाश्चात्त्य देशांत बरेच निघतात. अमेरिकेत 1920 ते 1950 च्या सुमारास जॉर्ज गर्श्विन, कोल पोर्टर, जेरोम कर्न अशा रचनाकारांनी नाटकांसाठी आणि चित्रपटांसाठी जी गाणी केली, त्यांतील चांगली गाणी पुढे शेकडो गायकांनी गायली. अशा गाण्यांना तिकडे ‘स्टँडर्ड’ म्हणतात. गाणे पारखण्याचे, तसे गायकाला पारखण्याचेही ते एक मापच असते. 1983 मध्ये लिंडा रॉनस्टॅट या रॉक गायिकेने नेल्सन रिडल या बुजुर्ग संयोजकाला सोबत घेऊन असा संच काढला, तेव्हा तरुण श्रोत्यांनी तो उचलून धरला. टोनी बेनेट यांनी 2021 मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, लेडी गागा या तरुण गायिकेबरोबर कोल पोर्टरची गाणी प्रसिद्ध केली. त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले होते. रोजच्या गोष्टी विसरणाऱ्या माणसाला ती जुनी गाणी मात्र आठवत होती. 2023 मध्ये ते वारले.

तिकडे हे सहज का झाले आणि आपल्याकडे का नाही? मला त्याचे एक कारण असे दिसते. तिकडची गाणी आधी छापील स्वरलिपीच्या रूपाने विकली जात. कागद विकत घेऊन ज्याला हवे त्याने पियानोवर वाजवावे, गावे. म्हणजे गाणे आधी कागदावर होते, आवाज मागाहून आला. आपले चित्रपटगीत तसे नाही. ते तबकडीवरच जन्माला आले. शब्द, चाल, आवाज, व्हायोलिनचा ताफा आणि पडद्यावरचा नट हे सगळे एकदम, एकाच रूपात श्रोत्यांपुढे आले आणि तेच रूप कायमचे ठरले. त्यामुळे दुसऱ्याने ते गायले की आपला कान तबकडीशी ताडून पाहतो आणि फरक दिसला की त्याला चूक म्हणतो.

आपल्या घरातील परंपरा

परंतु आपल्याकडे ही रीत मुळीच नव्हती असे मात्र नाही. नाट्यसंगीत पाहा. खाडिलकरांचे ‘मानापमान’ 1911 मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील भामिनी आणि धैर्यधर यांची पदे किती गायकनटांनी म्हटली! लताबाईंचे वडील दीनानाथ यांनी धैर्यधराची पदे आपल्या आक्रमक, झेप घेणाऱ्या ढंगात अशी म्हटली की ती त्यांचीच वाटू लागली. दुसऱ्यासाठी बांधलेले पद आपल्या गळ्यातून नवे करणे हे लताबाईंनी शाळेत जाण्याच्या वयात घरीच ऐकलेले होते. 1942 मध्ये वडील गेले आणि वयाच्या तेराव्या वर्षी कुटुंबाचा भार त्यांच्यावर आला. पण हा वारसा त्यांच्या कानात राहिला असणार.

दुसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे. लहानपणी ते मोठमोठ्या गायकांच्या तबकड्या हुबेहूब म्हणून दाखवीत आणि त्या चमत्कारासाठीच ते आधी प्रसिद्ध झाले. त्याच कुमारांनी 1965 मध्ये बालगंधर्वांची पदे गाण्याचा कार्यक्रम केला, तेव्हा ते बालगंधर्वांसारखे गायले नाहीत. कार्यक्रमाचे नावच होते, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. पुढे त्याची तबकडीही निघाली. ज्याला हुबेहूब म्हणता येत होते त्याने हुबेहूब म्हणायचे नाकारले, याला महत्त्व आहे. ‘उमजलेले’ हा शब्द त्यांनी फार विचाराने निवडलेला असावा. ऐकलेले, पाठ केलेले, आठवलेले असे कोणतेही विशेषण त्यांना चालले असते. पण त्यांनी उमजण्यावर बोट ठेवले.

आणखी मागे जायचे तर आपल्या जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका सांगितली. मूळ ग्रंथ व्यासांचा, सातशे श्लोकांचा. त्याच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या. आपण भाष्यकारांना वाट विचारत चाललो आहोत, अशी नम्र कबुली ज्ञानेश्वरांनी त्यातच देऊन ठेवली आहे. तरीही ज्ञानेश्वरीला गीतेची नक्कल म्हणण्याचे धाडस कोण करील? राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींनी 1762 मध्ये ‘भक्तिविजय’ पूर्ण केला, तोही आधीच्या चरित्रकारांचा आधार घेऊन, त्यांची नावे सांगून. दुसऱ्याचे घेऊन, त्याचे नाव सांगून, आपल्या वाणीने पुन्हा म्हणणे हा या मातीतला जुना धर्म आहे. आमच्या गावातील भजनी मंडळात तुकोबांचा एकच अभंग तीन बुवा तीन चालींवर म्हणतात आणि “मूळ कोणते?” असे कोणी विचारत नाही.

कॅसेटची दुसरी बाजू

‘श्रद्धांजली’ निघाली तेव्हा मात्र ‘दुसऱ्याचे गाणे म्हणणे’ या गोष्टीला वाईट दिवस आलेले होते. 1980 नंतर कॅसेट स्वस्त झाल्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद होती. मूळ ध्वनिमुद्रण निघून ठरावीक काळ लोटला, की सूचना देऊन आणि स्वामित्वधन भरून तेच गाणे दुसऱ्या आवाजात काढता येत असे. तिचा आधार घेऊन काही कंपन्यांनी जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातील कॅसेटचे ढीग बाजारात आणले. किंमत कमी, म्हणून त्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या.

आमच्या घरात रफींची म्हणून जी एक कॅसेट होती ती अशाच जातीची. माझे वडील लग्नाआधीपासून ऊसतोडीला जात. कारखान्याच्या गाळपाच्या हंगामात कोपीवर एक जुना टेप आणि ती कॅसेट एवढीच करमणूक. मुखपृष्ठावर रफींचे नाव मोठ्या अक्षरांत आणि गाणाऱ्याचे नाव शोधून सापडेल एवढे बारीक. कॉलेजात आल्यावर मी मूळ गाणी ऐकली आणि वडिलांना सांगितले की आपली कॅसेट रफीची नव्हती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आवाज कुणाचाबी असू दे पोरी, रातच्याला कोपीवर तोच सोबतीला व्हता.”

या उत्तरापुढे माझा सगळा अभ्यास क्षणभर लंगडा पडला. त्या अनामिक गायकाने माझ्या वडिलांना खरोखरीची सोबत दिली आणि त्याचे नाव मात्र त्यांना कधी कळू दिले गेले नाही. फसवणूक दोघांचीही झाली, ऐकणाऱ्याची आणि गाणाऱ्याचीही. म्हणून 2012 च्या दुरुस्तीने कायद्यात जे आले ते मला योग्य वाटते. आता मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते. वेष्टनावर आधीच्या कलावंताचे नाव किंवा छायाचित्र वापरता येत नाही, आणि ही नव्या आवाजातील आवृत्ती आहे असे स्पष्ट लिहावे लागते. कायद्याच्या भाषेतला हा ऋणनिर्देशच आहे.

गाण्यावर हक्क कोणाचा, हा वाद लताबाईंनाही नवा नव्हता. 1960 नंतरच्या काळात गायकांना स्वामित्वधन मिळाले पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला. गाण्याचे पैसे मिळाले की गायकाचा हक्क संपला, असे रफींचे मत होते. त्यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद ठेवले. ज्या रफींशी गाण्याच्या हक्कावरून अबोला धरला, त्याच रफींची गाणी पुढे त्यांच्या नावाने, आदराने गायली. एवढ्यावरून हक्क आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळून येते.

प्रत्यक्ष गाणी ऐकताना

आता संचातील दोन-तीन गाण्यांविषयी. सैगलचे 1940 च्या ‘जिंदगी’ चित्रपटातील अंगाईगीत घेऊ. चाल पंकज मलिकांची. मूळ गाण्यात एक पुरुष कुजबुजल्यासारखा, जवळ बसून गातो. मायक्रोफोनजवळ हळू गाण्याची कला सैगलने आपल्याकडे रुजवली, तिचा तो नमुना आहे. लताबाई तेच गाणे म्हणतात तेव्हा सैगलची ती घोगरी ऊब त्या आणत नाहीत. आणू गेल्या असत्या तर ते हास्यास्पद झाले असते. पण अंगाई मुळात बाईच्या तोंडची. तिच्या आवाजात आल्यावर ती जणू आपल्या माहेरी परत येते. चाल तीच, शब्द तेच, नाते मात्र बदलले.

1971 च्या ‘आनंद’मधील मुकेश यांचे संध्याकाळचे गाणे याहून निराळे. सलील चौधरींची चाल दिसायला सोपी आहे आणि मुकेश ती जवळजवळ बोलल्यासारखी म्हणतात. लताबाईंच्या गळ्याला सहज हरकती येतात, तरी इथे त्या बऱ्याच आवरलेल्या वाटतात. जो साधेपणा मुकेशना निसर्गाने दिला होता, तो लताबाईंनी इथे निवडून घेतला आहे.

पण सगळीच गाणी सारखी उतरली आहेत असे मी म्हणणार नाही. 1959 च्या ‘कागज के फूल’मधील गीता दत्त यांचे गाणे मला लताबाईंच्या आवाजात परके वाटते. गीता दत्त यांच्या आवाजात एक तडा आहे, मोडलेल्या माणसाचा. लताबाईंचा सूर इतका निर्मळ की तो तडा त्यात भरून निघतो, आणि त्याबरोबर गाण्याचे दुःखही थोडे भरून निघते. काही गाणी पहिल्या आवाजाला सोडत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. मोठ्या कलावंताच्या मर्यादेवरूनही आपल्याला काही शिकता येते, एवढ्याच हेतूने हे लिहिले. त्यात अनादर नाही.

नक्कल आणि उमज

2019 मध्ये एका गायिकेला लताबाईंचे गाणे म्हटल्यामुळे रातोरात प्रसिद्धी मिळाली. तेव्हा लताबाईंनी सावधगिरीचे शब्द सांगितले होते. नक्कल हा यशाचा टिकाऊ आधार नाही, आमची गाणी जरूर म्हणा, पण काही काळाने स्वतःचे गाणे शोधा, असा त्याचा आशय होता. आशाताईंनी आपली शैली धरून ठेवली नसती तर त्या कायम आपल्या सावलीत राहिल्या असत्या, असेही त्यांनी म्हटले होते. त्यावर टीका करणारे म्हणाले की लताबाईंनी स्वतः दुसऱ्यांची गाणी म्हटलीच की. हा आक्षेप मला पटत नाही. ‘श्रद्धांजली’त त्यांनी कोणाचाही आवाज काढलेला नाही. गाणे घेतले, नाव सांगितले, आणि आवाज आपला ठेवला. नक्कल करणारा बरोबर याच्या उलट वागतो; तो आवाज दुसऱ्याचा घेतो आणि त्यासाठी स्वतःचा सोडून देतो.

हा भेद आपल्या महाविद्यालयीन जीवनातही उपयोगी आहे. गेल्या वर्षी एका गायनस्पर्धेत माझ्या मैत्रिणीने मुकेश यांचे एक गाणे आपल्या पट्टीत, थोड्या संथ लयीत फार सुंदर म्हटले. परीक्षकांचा शेरा होता, “मूळ गाण्यासारखे वाटले नाही.” बक्षीस मिळाले ते ज्याने हुबेहूब आवाज काढला त्याला. आपण कानाला मोजपट्टी करून ठेवले आहे, ते असे.

गाण्याखेरीजही हा प्रश्न माझा आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्याजवळ जे शब्द आहेत त्यांतले बहुतेक उसने आहेत. काही पुस्तकांतले, काही सरांनी फळ्यावर लिहिलेले, काही ग्रंथालयातील जुन्या अंकांतले. वर्गात बोलायला उठले की ‘ण’च्या जागी ‘न’ येतो आणि मागच्या बाकांवर हसू फुटते. अशा वेळी वाटते की आपले खरे बोलणे घरीच ठेवून यावे आणि इथे दुसऱ्याचा आवाज काढावा. परंतु लताबाईंच्या बाबतीत घडलेली एक गोष्ट वाचली आणि धीर आला. सुरुवातीच्या काळात दिलीपकुमार यांनी मराठी गायकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. लताबाईंना ते लागले. त्यांनी मौलवींकडे रीतसर उर्दूचे पाठ घेतले आणि उच्चार असे घासून घेतले की पुढे उर्दू जाणणाऱ्यांनीही मान डोलवावी. त्यांनी उच्चार बदलला, आवाज मात्र बदलला नाही. तेव्हा ‘ण’ शिकायला मला हरकत नाही. तो शिकला म्हणून आईची भाषा मोडीत काढण्याचे काही कारण नाही.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आपण सगळेच कोणा ना कोणाचे ‘गाणे’ म्हणत असतो. मार्गदर्शकातील उतारा जसाच्या तसा उतरवला तर ती कोपीवरची कॅसेट झाली. समीक्षकाचे नाव सांगून, त्याचे म्हणणे आपल्याला जसे उमजले तसे आपल्या वाक्यात मांडले तर ती आपली छोटी श्रद्धांजली. त्यात चूक होईल, पट्टी थोडी चुकेल, गीता दत्तचे गाणे कदाचित आपल्याला जमणारही नाही. तरी आवाज आपला असेल.

6 फेब्रुवारी 2022 रोजी लताबाई गेल्या. आता त्यांचीही गाणी इतरांनी म्हणण्याची वेळ आहे, आणि खेड्यातील शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून मोठ्या रंगमंचांपर्यंत ती म्हटली जातच आहेत. ती म्हणणाऱ्या मुलामुलींना आपण परीक्षकांच्या खुर्चीतून काय विचारणार? “लतासारखे का म्हटले नाहीस?” असे विचारू नये, एवढेच मला सुचवायचे आहे. “तुला त्यात काय उमजले?” असे विचारावे. गाणे लिहिणाऱ्याचे, बांधणाऱ्याचे आणि पहिल्याने गाणाऱ्याचे असते, यात शंका नाही. त्यांची नावे घेऊन जो ते समजून म्हणतो, त्याचाही त्यात वाटा आहे. आणि कोपीवर रात्री त्याच्या सोबतीने जागणाऱ्या माझ्या वडिलांचाही.